शिकारी पक्ष्यांचा ‘देवी’ रोग ओळखताना

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर हिवाळ्यात भोवत्या (हॅरिअर) हे शिकारी पक्षी येतात. शहरात घारी आणि शिक्रे बारमाही दिसतात. पावसाळा सरत असताना, साचलेल्या पाण्यावर डास माजलेले असतात तेव्हा, यांपैकी एखादा पक्षी पापणीवर, चोचीच्या मुळाशी किंवा पायाच्या बोटांवर गाठी आणि खपल्या घेऊन जमिनीवर बसलेला आढळू शकतो.

परसात कोंबड्या पाळणारा माणूस अशा गाठी पाहताच ‘देवी’ म्हणेल, आणि त्याचा तर्क पुष्कळदा बरोबरही ठरेल. हा रोग अ‍ॅव्हिपॉक्स गटातील विषाणूंमुळे होतो. माणसाच्या देवीचा विषाणू याच मोठ्या कुळातला असला, तरी पक्ष्यांच्या देवीची बाधा माणसाला होत नाही. हा विषाणू अखंड त्वचेतून आत शिरू शकत नाही. त्याला डासाचा दंश, भक्ष्याशी झालेल्या झटापटीतला ओरखडा किंवा एखादी जुनी जखम लागते. म्हणूनच पिसे नसलेल्या उघड्या जागी गाठी प्रथम उठतात.

परंतु गाठ दिसली म्हणजे निदान झाले, असे नाही. पायाच्या तळव्यावरची सूज बहुधा बंबलफूटची, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गाची असते. तोंडात पिवळसर थर दिसला, तर तो देवीच्या ओल्या प्रकाराचा, म्हणजे तोंडात-घशात होणाऱ्या देवीचा असू शकतो. पण पारवे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यात ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा संशय आधी घ्यावा लागतो. त्यासाठी तोंडातील ओला नमुना ताजा असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, कारण हालचाल करणारे परजीवी नमुना वाळला की ओळखता येत नाहीत. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून थेट प्रतिजैविक सुरू करण्याची घाई इथेच नडते: प्रतिजैविकाचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही, त्याचा उपयोग गाठीत नंतर शिरलेल्या जिवाणूंपुरताच.

खात्रीसाठी गाठीचा तुकडा घ्यावा लागतो, आणि तो पशुवैद्यकानेच घ्यायचा. वाळलेली खपली ओढून काढल्यास रक्तस्राव होतो, व्रणही राहतो. तुकड्याचे दोन भाग करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा कोणतेही रसायन न घालता थंड ठेवून, पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला, तर त्यातील विषाणू वाढवून पाहण्याची वाटच बंद होते आणि डीएनएचीही मोडतोड होते.

सूक्ष्मदर्शकाखाली देवीची खूण ठळक असते. त्वचेच्या पेशी फुगलेल्या दिसतात आणि त्यांच्या पेशीद्रवात गुलाबी रंग घेणारे गोळे आढळतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो बोलिंगर यांच्या नावावरून त्यांना बोलिंगर बॉडीज म्हणतात. पीसीआरमध्ये बहुधा पी४बी या जनुकाचा भाग शोधतात, आणि त्याचा क्रम वाचला की विषाणू कोंबड्यांच्या देवीच्या शाखेजवळचा आहे की कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या देवीच्या, हेही कळते. पूर्वी कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाभोवतीच्या पडद्यावर विषाणू वाढवत. रानपक्ष्यांतले काही विषाणू मात्र तिथे वाढत नाहीत, त्यामुळे ‘वाढ नाही’ याचा अर्थ ‘देवी नाही’ असा काढता येत नाही. पीसीआरचा होकारही एकटा पुरेसा धरू नये, कारण एकाच गाठीत विषाणूसोबत बुरशी किंवा जिवाणूही असू शकतात. ते चित्र ऊतींच्या तपासणीतच दिसते.

त्वचेपुरती राहिलेली देवी अनेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पक्षी दगावतो तो बहुधा उपासमारीने, कारण डोळा मिटलेला किंवा बोटे सुजलेली असताना त्याला शिकार साधत नाही. त्यामुळे अहवालाची वाट पाहत असतानाही त्याला अन्न, पाणी आणि डासांपासून आडोसा मिळालाच पाहिजे. गळून पडलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, जाळीच्या आत ठेवावा आणि त्याची बसण्याची दांडी दुसऱ्या पक्ष्याला देऊ नये. हे सर्व पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येत असल्याने पक्षी सापडताच वनविभागाला कळवावे. नमुना घेणे आणि पुढील उपचार त्यांच्या परवानगीनेच व्हावेत.