सगळ्यांनाच सलाईन?

श्रोतेहो, नमस्कार.

‘डॉक्टर, आधी सलाईन लावा!’ पेशंट कॉटवर टेकायच्या आत नातेवाईक हे सांगतात. बऱ्याचदा त्यांचं बरोबरही असतं. आज बोलायचंय ते चुकतं तेव्हाचं.

‘शॉक बसला’ म्हणतो तो विजेचा, नाहीतर वाईट बातमीचा. कॅज्युअल्टीत ‘पेशंट शॉकमध्ये आहे’ म्हणजे शरीराला पुरेसं रक्त आणि त्यातला ऑक्सिजन पोचत नाहीये. हातपाय गार, दरदरून घाम, नाडी जलद पण बारीक, लघवी कमी, बोलणं भलतंच. नख दाबून सोडा. 2 सेकंदांत लाली परतली नाही तर घाई करा. नुसत्या बीपीवर विसंबू नका. धडधाकट माणसाच्या 5 लिटरपैकी लिटरभर रक्त गेलं तरी वरचा आकडा टिकून राहतो, आणि मग एकदम कोसळतो.

शेतातलंच बघा. पिकाला पाणी पोचत नाही, कारण विहीर आटली, मोटर बिघडली, पाट फुटून पाणी पसरलं किंवा पाइपात काहीतरी अडकलं. पीक चारही वेळा वाळतं, दुरुस्ती मात्र निराळी.

अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, जुलाब-उलट्या ही आटलेली विहीर. इथे सलाईन, रक्त हवंच. डेंग्यूही यातलाच, आणि फसवा: ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, तेव्हाच रक्तातला द्रव वाहिन्यांतून पाझरू लागतो. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर दवाखाना गाठा. फुटलेला पाट म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. यात सुरुवातीला हात चक्क गरम लागतात. गांधीलमाशी चावून किंवा एखाद्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, तर मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, तेही ताबडतोब. पाइपातला अडथळा म्हणजे, उदाहरणार्थ, फुप्फुसाबाहेर कोंडलेल्या हवेनं हृदय दाबलं गेलं, तर छातीत सुई घालून ती हवा काढावी लागते.

राहिली मोटर, म्हणजे हृदय. इथे कोकणातला लाल विंचू आठवतो. त्याच्या विषानं शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी उसळतं, त्या दाबाविरुद्ध पंप करून हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हात गार म्हणून भराभर सलाईन सोडलं, तर माणूस आतल्या आत बुडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण उशाशी बसून पाहिले. घाम, उलट्या, गार हातपाय ही धोक्याची पूर्वचिन्हं त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. ही बीपी उतरवणारी स्वस्त गोळी! गारठलेल्या माणसाला ती द्यायची म्हणजे उलटंच वाटतं. पण ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते आणि हृदयावरचं ओझं उतरतं. या गोळीनं विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी घटले. 2022 मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती जरा उशिराच.

घरी काय कराल? 108 ला फोन. पेशंटला आडवं निजवा, पाय थोडे उंच, अंगावर पांघरूण. दम लागला असेल तर मात्र बसवून ठेवा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. विंचू चावल्याची वेळ कागदावर लिहून आणा, कुणाच्या मंत्रातंत्रात तासभर घालवू नका. आणि दवाखान्यात शिरल्यावर सलाईनचं सांगण्याआधी काय झालं ते सांगा: विंचू चावला, छातीत दुखतंय, की तीन दिवस ताप होता.