मोठा कुत्रा, छोटी बोट आणि मधली फट

(दृश्य: पॉन्टूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, लावलेली नऊ मीटरची शिडाची बोट. कठड्याचं दार उघडं आहे. खाली लॅब्रॅडॉर उभा, नजर डेकवर.)

नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीचा डेक पाण्यापासून साधारण १ मीटर वर असतो. तरंगता पॉन्टून पाण्यापासून ४० ते ५० सेंटिमीटर वर. म्हणजे या कुत्र्याला चढायचंय ते फार तर ५०-६० सेंटिमीटर. घरातल्या पलंगावर तो याहून सहज उडी मारतो, मग इथे अडचण कसली?

अडचण अशी की पलंग हलत नाही. इथे बोट आणि पॉन्टून यांच्यात फट आहे आणि ती दर क्षणाला कमी-जास्त होते. वर पाय टेकायला मिळते ती जेमतेम ४० सेंटिमीटर रुंदीची पट्टी, तिच्या पलीकडे लगेच केबिनची भिंत. वाटेत कठड्याचे खांब, तारा, दोर अडकवायचे खुंटे. ३५ किलोचा कुत्रा वेगात आला की त्याला थांबायला जागाच उरत नाही. तो भिंतीवर आपटतो, मागे घसरतो, आणि मागे तीच फट असते.

म्हणून पहिला नियम: मोठ्या कुत्र्याने बोटीवर उडी मारून चढायचं नाही आणि उडी मारून उतरायचंही नाही. त्याने चालत यावं, नाहीतर त्याला नीट आधार देऊन उचलावं. त्याला उडी जमते, हे खरं. पण दहापैकी नऊ वेळा जमलेली उडी दहाव्या वेळी पाय बोट आणि पॉन्टूनच्या मध्ये नेते, आणि तिथे कित्येक टनांची बोट पॉन्टूनकडे सरकत असते.

उतरताना तर उडी जास्तच वाईट. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. खाली झेपावताना जवळजवळ सगळा भार आधी खांद्यांवर, कोपरांवर आणि मनगटांवर येतो. दिवसातून चार-सहा वेळा असं झालं की सांधे कुरकुरायला लागतात. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांची वाढ कधी कधी दीड वर्षापर्यंत चालू असते. त्या वयात तर अशा उड्या अजिबात नकोत.

(दृश्य: दोर आवळणारे हात. फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला टांगलेली धक्का शोषणारी उशी, दबतो, फट लहान होते.)

कुत्र्याला हाक मारण्याआधी बोट स्थिर करा. पुढे-मागे सरकणं थांबवतात ते स्प्रिंगचे दोर, म्हणजे पुढून मागे आणि मागून पुढे तिरके जाणारे. ते आधी आवळा. मग दाराच्या जवळच्या खुंट्यावरून एक आखूड दोर सरळ पॉन्टूनवर घ्या आणि फेंडर दबेपर्यंत ओढा. २० सेंटिमीटर जाडीचा फेंडर दबून पंधराच्या आसपास येतो. फट एवढीच ठेवायची. कुत्रा चढला की हा दोर सैल करायला विसरू नका, नाहीतर रात्रभर बोट त्या दोराला झटके देत राहते.

आता रॅम्प. बहुतेकांची फसगत लांबीत होते. कुत्र्याला २० अंशांपर्यंतचा चढ सोयीचा वाटतो. २५ पर्यंत धडधाकट कुत्रा चालून जातो. दीड मीटरचा रॅम्प ५० सेंटिमीटर उंचीला लावला तर चढ साडेएकोणीस अंशांचा होतो, उत्तम. तोच रॅम्प १ मीटर उंचीला लावला की चढ ४२ अंशांवर जातो, आणि कुत्रा मधेच बसकण मारतो. १ मीटर उंचीसाठी जवळपास ३ मीटर लांबी लागते, आणि छोट्या बोटीवर ३ मीटरची वस्तू ठेवणार कुठे? तेव्हा आधी उंची मोजा. दाराशी उंची जास्त असेल तर बोटीच्या मागच्या बाजूला मोजा, तिथे बहुधा कमी भरते.

रुंदी किमान ४० सेंटिमीटर. वरचं टोक बोटीला पक्कं बांधलेलं आणि खालचं टोक मोकळं, रबरी चाकावर. जवळून दुसरी बोट गेली की आपली बोट वर-खाली होते आणि खालच्या टोकाला पुढे-मागे फिरावं लागतं. दोन्ही टोकं बांधली तर रॅम्प पिळवटतो, बांधलेले दोर तुटतात. दोन्ही मोकळी ठेवली तर वरचं टोक कधीतरी काठावरून निसटतं, तेही कुत्रा मध्यावर असताना. खालच्या टोकाला पॉन्टूनच्या कडेपासून निदान ३० सेंटिमीटर जागा सोडा.

पृष्ठभागावर जाड वाळूकागद चिकटवलेले रॅम्प मिळतात. ओल्या, मऊ पडलेल्या पंजांची कातडी त्यावर सोलते. खाली रबर असलेला गालिचा किंवा डेकसाठीचा फोम चांगला. त्यावर दर २५-३० सेंटिमीटरवर सेंटिमीटरभर उंचीची आडवी पट्टी असली की नखांना पकड मिळते. जाळीच्या फळीवरून कुत्रे बिचकतात, कारण खालचं पाणी हलताना दिसतं. शिवाय जाळीत नख अडकतं. अशी फळी झाकूनच घ्यायची.

चढता-उतरताना कुत्र्याच्या अंगात पाठीवर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, असावा. गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुत्र्याला कधीही ओढू किंवा उचलू नये. दोरी लावलीच तर ती माणसाच्या हातात राहावी, कठड्याला बांधलेली नको. बांधलेल्या दोरीने घसरलेला कुत्रा बाजूला लटकतो.

(दृश्य: नांगरलेली बोट. हवेच्या डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीत, माणूस आणि जर्मन शेफर्ड, बोटीच्या मागच्या फळीकडे येत आहेत.)

नांगरावर असताना खरी परीक्षा डिंगीत होते. अडीच मीटरची हवेची डिंगी आणि छोटं इंजिन मिळून ५०-५५ किलो भरतं. त्यातून ३५ किलोचा कुत्रा सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे झेपावला, तर पाण्याचा रोध सोडल्यास रिकामी डिंगी सेकंदाला सव्वा मीटर वेगाने मागे जाते. कुत्र्याच्या पायाखालचा आधारच निघून जातो, उडी अपुरी पडते, आणि तो छातीवर बोटीच्या कडेला आदळून पाण्यात पडतो. यात त्याचा काही दोष नाही. डिंगी पुढून आणि मागून, दोन्ही दोरांनी, ताणून बांधलेली असेल तर हे टळतं. फक्त पुढचा दोर बांधणं पुरत नाही, मागचा भाग बाहेर फिरतो.

क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रल नव्हे. दोन्ही दोर बांधा. कुत्रा डिंगीच्या मधोमध बसलेला. एक माणूस आधी वर जातो आणि हार्नेसची मूठ हाताशी येईल असा गुडघ्यावर बसतो. मग कुत्रा पुढचे दोन पंजे मागच्या फळीवर ठेवतो आणि इथे थांबतो. डिंगीतला माणूस त्याच्या मांड्यांमागे हात घालून मागचा भाग वर ढकलतो, वरचा मुठीने दिशा देतो. मागचे पाय बहुतेक वेळा डिंगीच्या गोल, ओल्या नळीवरून घसरतात. नळीवर न घसरणारी चटई टाका किंवा डिंगीतल्या आडव्या बाकाचा पायरीसारखा उपयोग करा. एकटं माणूस असेल तर कुत्र्याला डिंगीत थांबायला शिकवलेलं हवंच. ते शिक्षण जमिनीवर होतं, पाण्यावर नाही.

डिंगीच्या क्षमतेच्या पाटीवर माणसांची संख्या आणि वजन लिहिलेलं असतं. मोठा कुत्रा एक माणूस धरा, आणि हलणारा माणूस धरा.

मागच्या बाजूला पायऱ्यांसारखी उतरती फळी असलेल्या बोटींवर हे काम सोपं जातं, कारण फळी आणि डिंगीची नळी जवळजवळ एकाच पातळीवर येतात. पण लाट असली की हीच जागा घातक. बोटीचा मागचा भाग उचलला जातो आणि धाडकन खाली बसतो, डिंगी फळीखाली खेचली जाते. अशा वेळी बोटीच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला या. तिथे हालचाल सगळ्यात कमी. उंची मात्र पूर्ण १ मीटर, म्हणून उचलण्याची तयारी लागते.

(दृश्य: बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, टांगलेल्या कप्प्या. झोळीत जर्मन शेफर्ड हळूहळू वर येतो, एका हाताने त्याला आधार.)

झोळी दोन रुंद पट्ट्यांची असावी: एक पुढच्या पायांच्या लगेच मागे, दुसरा मागच्या पायांच्या पुढे, आणि छातीवरून एक आडवा पट्टा, म्हणजे कुत्रा पुढे सरकून निसटणार नाही. नर असेल तर मागचा पट्टा लिंगावर दाबत नाही ना, हे हात फिरवून बघा. हूक पाठीच्या मधोमध लावला तर कुत्रा तोंडावर झुकतो, कारण त्याचा भारमध्य पुढच्या पायांच्या थोडाच मागे असतो. हूक पुढच्या बाजूला घ्या, पाठ आडवी राहील. लाइफ जॅकेटच्या पाठीवरची मूठ ओढायला आणि क्षणभर आधार द्यायला असते. बनवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पूर्ण वजन तिच्यावर टांगू नये.

उचलायला चारपट ताकदीचा कप्प्यांचा संच पुरतो. ४० किलोच्या ओल्या कुत्र्यासाठी हिशेबाने १० किलोची ओढ लागते, घर्षण धरून तेरा-चौदा. दीड मीटर उचलायला ६ मीटर दोर ओढावा लागतो. दोर जागच्या जागी धरून ठेवणारी पकड संचात असलीच पाहिजे, नाहीतर एक हात कायम अडकतो.

आणि आता ज्यावर हमखास गाडं अडतं ती गोष्ट: उंची. हूकपासून कुत्र्याच्या पंजांपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास लांबी जाते. झोळीचे पट्टे ४० सेंटिमीटर, मग धड, मग लोंबकळणारे पाय. पंजे डेकची कड ओलांडायला हूक पाण्यापासून सव्वादोन-अडीच मीटरवर यायला हवा. पूर्ण आवळलेला कप्प्यांचा संच स्वतः ४०-५० सेंटिमीटर खातो. म्हणजे बूमचं टोक ३ मीटरच्या आसपास हवं, तेही कठड्याचं दार उघडं असेल तर. दार बंद असेल तर आणखी ६० सेंटिमीटर. नाहीतर कप्प्या एकमेकींना टेकतात आणि कुत्रा काठाच्या हातभर खाली लोंबकळत राहतो. तेव्हा दार उघडा, बूमचं टोक तोलणाऱ्या दोराने वर घ्या, झोळीचे पट्टे आखूड करा. आणि हे सगळं धक्क्यावर, ४० किलोची पाण्याची पिंपं टांगून आधी करून बघा.

बूम बाहेर काढल्यावर तिला पुढून आणि मागून एकेक दोर लावा. तसं केलं नाही तर बोट डुलली की बूम भार घेऊन फिरते. शीड चढवण्याचा मोकळा दोर आणि विंच (हँडलने फिरवून दोर ओढणारा रहाट) वापरूनही उचलता येतं, उंचीचा प्रश्नच येत नाही. पण भार डोलकाठीकडे झुलतो, आणि विंचला पाय कठड्यात अडकल्याचं कळत नाही. हँडल फिरवणाऱ्याची नजर सतत कुत्र्यावर हवी.

चालत्या बोटीवरून कुत्रा पाण्यात पडला तर कुणीही मागे उडी मारू नये. घाबरलेला कुत्रा जवळ आलेल्या माणसावर चढायला बघतो. एकाने हाताने त्याच्याकडे दाखवत नजर त्याच्यावर ठेवायची, दुसऱ्याने बोट वळवून त्याला आडोशाच्या बाजूला घ्यायचं, जवळ येताच इंजिन बंद. आकडीच्या काठीने लाइफ जॅकेटची मूठ पकडायची. पाण्यात धडपडणाऱ्या कुत्र्याला झोळी घालणं जवळपास अशक्य, म्हणून बोट चालू असताना उचलता येईल असा हार्नेस अंगात असलेला बरा. डिंगी पाण्यात असेल तर सोपा मार्ग तिच्यातून: पुढचे पंजे नळीवर, एक हात पाठीच्या मुठीवर, दुसरा मागच्या पट्ट्यावर, आणि मागे रेलायचं.

माणसांच्या उभ्या शिडीवरून मोठा कुत्रा चढू शकत नाही. कुत्र्यांची शिडी तिरकी, रुंद पायऱ्यांची असते आणि तिची शेवटची पायरी पाण्याखाली ४० ते ५० सेंटिमीटर हवी. पोहताना त्याचे मागचे पाय खोल असतात. पायरी वर असली तर तो पुढचे पंजे ठेवून नुसता लटकतो.

केबिनमध्ये उतरायची शिडी साधारण ६० अंशांची, चार-पाच अरुंद पायऱ्यांची. वर चढणं बऱ्याच कुत्र्यांना जमतं, उतरणं नाही. पायऱ्या २५ सेंटिमीटर खोल करून मागची पोकळी कापडाने बंद केली की भीती कमी होते. माणसाने आधी उतरावं आणि तोंड वर करून, हार्नेस धरून उभं राहावं. ६० किलोच्या न्यूफाउंडलंडसाठी मात्र कॉकपिटमध्येच, म्हणजे डेकवरच्या उघड्या बसायच्या जागेत, सावली आणि झोपायची जागा करावी.

भरती-ओहोटीच्या बंदरात ओहोटीला धक्क्याची भिंत तीन-चार मीटर उंच होते. कुत्रा पाठीवर घेऊन लोखंडी शिडी चढू नये. डिंगीने पाण्यात उतरणाऱ्या धक्क्याच्या उतारावर जा, आणि शेवाळ असेल तिथे पाय जपून.

(दृश्य: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोराने बांधलेला हिरव्या कृत्रिम गवताचा तुकडा. पलीकडे खवळलेलं पाणी.)

काही वेळा किनाऱ्यावर जाणंच चुकीचं असतं. किनाऱ्यावर लाटा फुटत असतील तर डिंगी आडवी होऊन उलटते. त्यासाठी कुत्र्याला डेकवर शौच करायची सवय लावलेली हवी, आणि ती प्रवासापूर्वी. ६० बाय ९० सेंटिमीटरचा कृत्रिम गवताचा तुकडा घरी त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवा, त्याला तिथलाच वास लागू द्या. तोच तुकडा मग नाळेपाशी नेहमी एकाच जागी. एका कोपऱ्यात कडी ठोकून दोर बांधा, म्हणजे तो समुद्रात सोडून धुता येतो. जास्त धुऊ नका, वास पूर्ण गेला की कुत्रा पुन्हा जागा शोधत फिरतो. बोट चालू असताना त्याला नाळेकडे जाऊ देताना हार्नेसची दोरी माणसाच्या हातात, आणि कठड्याला खालपासून वरपर्यंत जाळी.