आयरिश शूरांची पदके आणि आपली मुले

मंडळातील सर्व वडीलधाऱ्यांना आणि मित्रमैत्रिणींना सप्रेम नमस्कार.

नुकताच आमच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी वाद पेटला. धाकट्याने अमेरिकेच्या आरमारात भरती होण्याचा विचार बोलून दाखवला आणि त्याच्या आईने हातातले ताट तसेच बाजूला सारले. तेव्हा तो म्हणाला, "शिवजयंतीला आपल्या मंडळात पोवाड्यावर इतक्या टाळ्या पडतात, मग घरातल्या मुलाने गणवेशाचे नाव काढले की सगळ्यांचे चेहरे का उतरतात?" त्याच्या या प्रश्नाने मला अजून स्वस्थ बसू दिलेले नाही.

त्याने जॉन किंगविषयी वाचले होते. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील बॅलिनरोब गावचा हा माणूस अमेरिकेच्या आरमारात बॉयलरमधील पाण्याची पातळी सांभाळण्याचे काम करी. १९०१ मध्ये 'व्हिक्सबर्ग' आणि १९०९ मध्ये 'सेलम' या जहाजांवर बॉयलरचे अपघात झाले. दोन्ही वेळा त्याने दाखवलेल्या धैर्यासाठी त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. समोर शत्रू नव्हता. होती ती तापलेली वाफ आणि जीव मुठीत धरून उभे असलेले सहकारी. अमेरिकेबाहेर जन्मून हे पदक मिळवणाऱ्यांत आयर्लंडचे लोक सर्वांत अधिक आहेत. बटाट्याचे पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळानंतर पोट हातावर घेऊन आलेल्या समाजाचे हे कर्तृत्व मला थक्क करते.

मात्र त्या गौरवाच्या शेजारीच दुसरी हकिकत आहे आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६२ मध्ये, फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर उत्तरेच्या फौजेतील आयरिश ब्रिगेडचे सैनिक टोपीत हिरवी डहाळी खोवून चढले आणि शेकड्यांनी पडले. पुढच्याच जुलैत सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली, कारण तीनशे डॉलर भरणाऱ्याला सुटका होती आणि गरिबाला नव्हती. त्या दंगलीत मोठ्या संख्येने आयरिश मजूर होते आणि त्यांचा राग निरपराध कृष्णवर्णीयांवर निघाला, हेही लपवता कामा नये.

आणि आपल्या काळजाला भिडणारी गोष्ट झाशीची आहे. ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीवर चालून गेलेल्या ब्रिटिश फौजेत ८६ वी रॉयल काउंटी डाउन पलटण होती. आयर्लंडच्या विकलो परगण्यातील जेम्स बर्न या तिच्यातल्या शिपायाने जखमी लेफ्टनंटला गोळीबारातून सुरक्षित जागी नेले, स्वतः तलवारीचा वार झेलला आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. त्याचे धैर्य खरे होते, याविषयी मला शंका नाही. पण ज्या साम्राज्याने त्याचा देश दाबून ठेवला होता, त्याच साम्राज्यासाठी तो आपल्या राणीच्या शहरावर चालून आला होता.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी, ही वृत्ती आपण परदेशात येतानाही सोबत आणली आहे. आपल्या गुणवंतांच्या सत्कारात डॉक्टर, अभियंते, वकील असतात. सैन्यात किंवा अग्निशमन दलात गेलेल्या मुलामुलींची नावेही त्यात अभिमानाने यावीत, अशी कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे. मात्र कोणत्या शहराच्या तटावर चढायचे, हे गणवेश घालणारा ठरवत नाही. तो हुकूम उद्या आपल्या मुलांना कोण आणि कशासाठी देईल, याचे उत्तर मला तरी या सभागृहात कोणाजवळ दिसत नाही.