चेहऱ्याआधी पोचलेला आवाज

(पडद्यावर: कापसाचं रान, संध्याकाळचा उजेड. मागे जुन्या रेडिओची खरखर.)

शनिवारची रात्र. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं स्लेज नावाचं खेडं. दिवसभर कापूस वेचून घरचे सगळे नुकते टेकलेत. मॅक प्राइड आपल्या फिल्को रेडिओचं बटण हळूहळू फिरवतात आणि खरखरीतून एकदाचं नॅशव्हिलचं स्टेशन लागतं. 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचा, कार्यक्रम सुरू होतो. फिडल, गिटार, आणि नाकातून सूर काढत कुणीतरी आपलं दुःख सांगतंय. घरात अकरा मुलं. त्यातल्या एकाचं बाकी कशाकडेच लक्ष नाही.

हा चार्ली प्राइड, पुढे गाजलेला कृष्णवर्णीय कंट्री गायक. जन्म 18 मार्च 1934. घरची शेती बटईची. जमीन मालकाची, घाम यांचा, आणि पीक आलं की आधी वाटा मालकाचा. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना सांगायला नको, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी कशी घुसतात ते. रात्री बोटं ठणकत असायची आणि पोरगा हँक विल्यम्स या गोऱ्या कंट्री गायकाची गाणी हुबेहूब त्याच्यासारखी म्हणत बसायचा. घरच्यांनाही नवल वाटायचं. 'त्यांची' गाणी हा का गातोय? त्यांची म्हणजे गोऱ्यांची.

इथं जरा थांबायला हवं. या कंट्री संगीतात वाजणारा बँजो मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर अमेरिकेत आला. ऑप्रीच्या पहिल्या गाजलेल्या कलाकारांत डीफोर्ड बेली नावाचा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवादक होता. पण 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातच कप्पे पाडले. गोऱ्यांनी गायलं ते 'हिलबिली', काळ्यांनी गायलं ते 'रेस रेकॉर्ड'. शेजारीपाजारी वाढलेली गाणी कॅटलॉगात वेगळी झाली आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं की हे असंच होतं पहिल्यापासून. रेडिओला मात्र असले कप्पे नव्हते. मॅक प्राइडच्या घरात तो सगळ्यांसाठी सारखाच वाजत होता.

(पडद्यावर: बेसबॉलचं मैदान, धुळीत पळणारे पाय.)

चौदाव्या वर्षी चार्लीच्या हातात गिटार आली. स्वप्न मात्र बेसबॉलचं. कापसाच्या रानातून बाहेर काढेल तर हा खेळच, असं त्याला वाटायचं. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमध्ये तो मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळला. त्या काळातली एक गोष्ट तो पुढे आवडीने सांगायचा. एका संघाने त्याला आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. मोबदल्यात काय घेतलं? एक जुनी बस. 1956 मध्ये त्याने रोझीनशी लग्न केलं. त्याच सुमारास सैन्यात गेला, परत आला, हाताला दुखापती झाल्या, आणि मोठ्या लीगचं दार काही उघडेना.

1960 मध्ये तो पार उत्तरेला, मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी पोचला. दिवसा शिसं वितळवण्याच्या कारखान्यात भट्टीचं काम, सुट्टीत कारखान्याच्या संघाकडून बेसबॉल. याचा गळा गोड आहे हे साहेबाच्या कानावर गेलं आणि सामन्याआधी पंधरा मिनिटं गाण्याचे 10 डॉलर वेगळे मिळू लागले. लोक सामन्याला लवकर यायला लागले. गावात कार्यक्रमासाठी आलेल्या रेड फॉली आणि रेड सोवाइन या गायकांनी त्याला ऐकलं आणि नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या गावी, जा म्हणून सांगितलं. तरी गडी आधी बेसबॉलच्याच चाचणीला गेला, 1963 मध्ये, न्यूयॉर्क मेट्सकडे. नकार मिळाला. परतीच्या वाटेवर नॅशव्हिल होतं.

(पडद्यावर: टेपचं चाक फिरतंय. खोलीत कुणी दिसत नाही.)

गिटारवादक आणि आरसीए या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते चेट अ‍ॅटकिन्स यांनी कंपनीच्या बैठकीत एक टेप लावली. गायक कोण, ते सांगितलं नाही. आवाज सगळ्यांना आवडला. मग सांगितलं, गाणारा काळा आहे. करार झाला. पण 1966 च्या सुरुवातीला पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा रेडिओवाल्यांना पाठवलेल्या पाकिटात फोटो नव्हता. आवाज आधी गेला, चेहरा मागे राहिला. हे चतुराईचं होतं, आणि एका माणसाला किती दुखावणारं होतं याचाही विचार व्हायला हवा.

मग डेट्रॉइट. त्याच वर्षी, ऑलिंपिया स्टेडियम. समोर सुमारे 10,000 माणसं, बहुतेक सगळी गोरी. निवेदकाने नाव पुकारलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण गाणं रेडिओवर ऐकलेलं होतं. चार्ली विंगेतून बाहेर आला. उजेडात आला. आणि टाळ्या विरत विरत थांबल्या. एवढ्या मोठ्या सभागृहात शांतता. गिटार गळ्यात आहे, मागे वादक उभे आहेत, आणि पुढचं पाऊल एकट्यानेच टाकायचं आहे.

तो माइकजवळ गेला आणि स्वतःच विषय काढला. कंट्री गायला एवढा पक्का रापलेला माणूस उभा राहिलेला बघून तुम्हाला वेगळं वाटत असेल, असं काहीसं तो बोलला. लोक हसले, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग तो गायला. पूर्ण मनाने गायला. कार्यक्रम संपल्यावर स्वाक्षरीसाठी रांग लागली.

पुढचं यश थोडक्यात सांगते. कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकाची 29 गाणी. 1967 मध्ये ऑप्रीचा मंच, जो लहानपणी खरखरीतून ऐकला होता. 1971 मध्ये 'किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निन', आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर'. 2000 मध्ये कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. मनाच्या आजाराशीही तो वर्षानुवर्षं झगडला आणि 1994 च्या आत्मचरित्रात त्याने ते लपवलं नाही.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती बेलफास्टची मैफल. 1976. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या संघर्षात बॉम्ब फुटत होते, बाहेरचे कलाकार तिकडे फिरकत नव्हते. चार्ली गेला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच सभागृहात बसले आणि 'क्रिस्टल शँडेलियर्स' हे त्याचं गाणं तिथल्या लोकांनी आपलं करून टाकलं. अमेरिकेत ते सिंगल म्हणून निघालंही नव्हतं.

मुलाखतींत मात्र तोच प्रश्न पाठ सोडत नसे. एकदा तो म्हणाला, आधी विचारायचे, पहिला 'कलर्ड' कंट्री गायक होणं कसं वाटतं? मग 'निग्रो' झालं, मग 'ब्लॅक', आता 'आफ्रिकन-अमेरिकन'. बदललंय ते एवढंच.

(पडद्यावर: नॅशव्हिल, रात्र. मंचावर दोन माइक.)

12 डिसेंबर 2020 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, कोविडने डलासमध्ये त्याचं निधन झालं. त्याआधी महिनाभर, 11 नोव्हेंबरला, नॅशव्हिलमध्ये त्याला जीवनगौरव पुरस्कार मिळाला. एवढी वर्षं गाऊनही तो म्हणाला, छातीत धडधडतंय. मग 1971 चं तेच गाणं सुरू झालं. बाजूच्या माइकवर जिमी अ‍ॅलन होता, तरुण, कृष्णवर्णीय, कंट्री गायक. दोघं मिळून गायले.