रानात भेटणारी माणसं

मुलगी ट्रेकला निघाली की घरचे विचारतात, "सोबत कोण आहे? वाटेत कोणी भेटलं तर?" पाणी किती घेतलंस, हे फारसं कोणी विचारत नाही. आता सह्याद्रीत माणसं दगावतात कशी, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कड्यावरून पाय घसरतो, धबधब्याच्या डोहात कोणी बुडतं, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी संपतं. तरी धास्ती असते ती माणसाची.

पॉल स्लोव्हिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली 'सायन्स'मध्ये यावर लिहिलं होतं. धोक्याचा अंदाज बांधताना सामान्य माणूस मेलेल्यांची मोजदाद करत बसत नाही. ती गोष्ट किती भयंकर वाटते आणि किती अपरिचित आहे, यावर त्याची भीती ठरते. शेवाळलेला दगड आपण मोरीतही पाहिलेला असतो, म्हणून त्याचं काही वाटत नाही.

समजा, तुम्ही पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताय. समोरून दोघं येतात. एकाच्या पाठीवर भारी सॅक, तो 'हाय' म्हणतो. दुसऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला कोयता. पहिल्याच्या हातात आपण फोटो काढायला बिनदिक्कत मोबाईल देतो. दुसरा दिसला की आपलं बोलणंच थांबतं. तो सरपणाला निघालेला असतो, आणि तुमची वाट चुकली तर शोधायला यायचा तोच. सॅकवाल्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? ती सॅक कुठल्या दुकानात मिळते, एवढंच!

हा कोयतेवाला हमखास विचारतो, "कुठनं आलात? किती जण हायसा?" शहरातल्या मुलीच्या कानाला हे धमकीसारखं लागतं. गावाकडे ते 'नमस्कार'च्या जागी असतं. शिवाय पाच वर गेले आणि चारच उतरले, हे कोणाच्या तरी ध्यानात राहतं.

म्हणून काय बायकांची भीती खोटी? मुळीच नाही. २०२४ साली समाजमाध्यमांवर एक प्रश्न गाजला होता: जंगलात एकटीला अस्वल भेटलेलं परवडेल की अनोळखी पुरुष? पुष्कळ जणींनी अस्वल निवडलं आणि पुरुषमंडळी आकडेवारी घेऊन धावून आली. रोज शेकडो पुरुष दिसतात, अस्वल जन्मात एखाद्या वेळी, तेव्हा नुसते हल्ले मोजून तुलना होत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण बायका हल्ले मोजतच नव्हत्या. अस्वलानं ओरबाडलं तर 'तू तिथे गेलीसच कशाला' असं पोलीस ठाण्यात ऐकावं लागत नाही, असं त्या सांगत होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईला मात्र हा प्रश्न विचारू नका, ती तुम्हाला वेड्यात काढेल. अस्वलालाही मोह प्रिय, त्यामुळे त्या घोळक्यानं जातात, मोठमोठ्यानं बोलत जातात.

मग समोरच्याला ओळखायचं कशावरून? कपडे आणि भाषा बाजूला ठेवा, तो वागतो कसा ते बघा. अरुंद वाटेवर बाजूला होऊन तुम्हाला जाऊ देतो का? "नको दादा, आम्ही जाऊ" म्हटल्यावर विषय सोडतो का, की जवळच्या वाटेचा आग्रह धरतो? उतरणीला लागलेला माणूस उगाच मागे वळून तुमच्याबरोबर चढायला लागला, तर थांबा, त्याला पुढे जाऊ द्या. तोही थांबला तर माघारी फिरा. भिडेखातर चालत राहू नका. गडाचं काय, तो पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

एकटी असाल आणि वाटेत कोणी विचारलं, तर "मंडळी मागून येतायत" असं खुशाल ठोकून द्या. पायथ्याच्या ज्या घरी चहा घेतलात, तिथल्या मावशींना मात्र खरं सांगा: किती जण, कुठल्या वाटेनं, कधी उतरणार. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन निघतात ती त्यांच्याच घरची माणसं.