एक निरोप, अनेक चॅनेल

मित्रांनो, वसमतकडच्या हळदीच्या एका रानात ठिबकाचे व्हॉल्व्ह बिनतारी नोडवर, म्हणजे रेडिओ असलेल्या छोट्या उपकरणांवर, चालतात असं धरा. थ्री फेज लाइटची वेळ बदलली की पाण्याच्या पाळ्या बदलतात आणि सगळ्या व्हॉल्व्हना एकच निरोप द्यावा लागतो. ओलाव्याचे आकडे नोडकडून गेटवेकडे, म्हणजे सगळ्या नोडच्या मुख्य यंत्राकडे, आणण्यावर आपल्याकडे भरपूर प्रोजेक्ट होतात. उलट दिशेच्या या निरोपाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि रान मात्र त्याच्याच भरवशावर भिजतं.

सगळे नोड एकाच चॅनेलवर असतील तर एकदा पाठवलं की आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं. पण गर्दी झाली की आपण चॅनेल वाटून देतो. ८०२.१५.४ या कमी विजेच्या रेडिओंसाठीच्या मानकात २.४ गिगाहर्ट्झला असे १६ चॅनेल मिळतात. एका वेळी अनेक जोड्या बोलू शकतात, हा फायदा मोठाच. मात्र एक रेडिओ एका वेळी एकच चॅनेल ऐकतो. सहा शेजारी तीन चॅनेलवर विखुरले असतील, तर तोच निरोप तीनदा पाठवावा लागतो. १२७ बाइटच्या फ्रेमला, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या पुडक्याला, चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढं चालेल. खरं नुकसान वेगळंच आहे: दुसऱ्याच्या चॅनेलवर गेलेला नोड तेवढा वेळ स्वतःच्या चॅनेलला बहिरा असतो.

त्यात ज्याने ऐकलं तो प्रत्येक जण निरोप पुढे पाठवू लागला, तर गोंधळच. १९९९ साली तैवानच्या संशोधकांनी याचा हिशेब मांडला. पुन्हा पाठवल्याने सरासरी ४१ टक्केच नवा परिसर झाकला जातो, आणि तोच निरोप चारदा कानावर आलेल्या नोडने पाठवला तर ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणून पुढे पाठवणारे नोड निवडकच हवेत. पण निवडताना नुसते शेजारी मोजू नका. एकाचे दहा शेजारी चार चॅनेलवर आहेत, दुसऱ्याचे आठ दोन चॅनेलवर. मी दुसरा घेईन, कारण त्याच्या एका प्रक्षेपणात चार जणांचं काम होतं, पहिल्याच्या अडीचच जणांचं.

याहून सरळ उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एका चॅनेलवर जमायचं. त्याच मानकाच्या २०१२ च्या ८०२.१५.४ई या सुधारणेतल्या टीएससीएच (ठरलेल्या वेळा, बदलते चॅनेल) पद्धतीत अशी सामाईक वेळ ठेवता येते, साधारण १० मिलिसेकंदांची. दर खेपेला चॅनेल बदलत गेला तर एखाद्या चॅनेलवरचा अडथळाही कायमचा आडवा येत नाही. प्रत्येक नोडला दुसरा रेडिओ लावण्यापेक्षा मला हे पटतं. सोलरवरच्या छोट्या बॅटरीला दोन रेडिओ जड जातात.

अट एकच, घड्याळं जुळली पाहिजेत. घड्याळाला ठेका देणारे २० पीपीएमचे (दहा लाखांत २० इतकी चूक असलेले) दोन क्रिस्टल उलट दिशांनी सरकले तर मिनिटाला २.४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. मे महिन्यात परभणीच्या उन्हात बंद डबा तापला की क्रिस्टल आणखी सरकतो. टेबलावर, पंख्याखाली घेतलेली चाचणी इथे पुरत नाही.

आणि ब्रॉडकास्टला, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेल्या निरोपाला, पोच नसते. हळदीची रुंद पानं ओली असली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पडतो, निरोप हुकतो आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून निरोपाला क्रमांक द्या आणि प्रत्येक नोडने तो अधूनमधून सांगावा. शेजाऱ्याचा क्रमांक जुना दिसला की नवा निरोप त्याला पुन्हा द्यायचा. २०११ मध्ये आरएफसी ६२०६ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून आलेलं ट्रिकल नावाचं तंत्र हेच करतं, आणि सगळे क्रमांक जुळलेले असतील तेव्हा जवळजवळ गप्प बसतं.

तुमच्या प्रोजेक्टच्या निकालांत सरासरी वेळ लिहाल, तेव्हा त्याशेजारी शेवटच्या व्हॉल्व्हला निरोप कधी मिळाला तेही लिहा. तो व्हॉल्व्ह बहुधा गेटवेपासून सगळ्यात लांबच्या बांधावर असेल. चाचणीही तिथूनच सुरू करा.