रक्त उडतं, पण खाली पडत नाही

नमस्कार मंडळी. मी ठाण्याचा, नौपाड्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं दुकान आहे, दुकान म्हणजे काय तर एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही एडिटिंग चालू असताना बंद ठेवायला लागतो कारण कटकट आवाज करतो. मी काय समीक्षक-बिमीक्षक नाही. पण एका सिनेमाने माझ्या धंद्यात चांगली तीन-चार वर्षं धुमाकूळ घातला होता, म्हणून म्हटलं आज त्याच्यावरच बोलू.

सिनेमा २००७ चा, थ्री हंड्रेड. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. इसवी सनापूर्वी ४८० साल, ग्रीसमधली थर्मोपिलीची खिंड, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, इराणचा बादशहा झर्क्सिस अफाट फौज घेऊन आलाय आणि स्पार्टाचा राजा लिओनायडस तीनशे माणसं घेऊन वाट अडवून उभा आहे. बस, एवढीच गोष्ट. बाकी दोन तास मारामारी.

आम्ही पाच-सहा जण गेलो होतो, ठाण्यात मल्टिप्लेक्सचं कौतुक नवीन होतं तेव्हा. तो राजा इराणी दूताला लाथ घालून विहिरीत पाडतो ना, तिथे जी शिट्टी पडली ती आमच्या दहीहंडीतल्या शिट्टीपेक्षा कमी नव्हती. आणि खिंडीचा सीन आला तसा मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "ए पावनखिंड!" अर्धं थिएटर हसलं, अर्ध्याने टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यावाल्यांत होतो, खोटं कशाला बोलू. तीनशे माणसं, अरुंद वाट, समोर हजारो, आपल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

घरी येताना मात्र माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपल्याकडे १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं घोडखिंडीत उभी राहिली तेव्हा त्यांचं सगळं लक्ष कानात होतं. राजे विशाळगडावर पोचले की तोफांचे बार होणार, तोवर टिकायचं. शाळेत गुरुजी हा धडा शिकवायचे तेव्हा आम्ही पोरं अक्षरशः कान टवकारून बसायचो तोफेसाठी. इथे सिनेमात तशी तोफ कुठेच नाही, कोणी कुठे पोचायचं बाकी नाही, ही माणसं मरायची वाट बघत असल्यासारखीच लढतात आणि तो मरणाचा सोहळा आपण पॉपकॉर्न खात बघतो. आणि खऱ्या लढाईत फक्त हे तीनशेच नव्हते बरं का. हेरोडोटस नावाचा जुना ग्रीक इतिहासकार सांगतो की शेवटच्या दिवशी बाकीची ग्रीक फौज मागे निघाली तेव्हा स्पार्टावाल्यांबरोबर थेस्पिया नावाच्या गावची ७०० माणसं स्वतःहून थांबली आणि तीही मेली. ७००! तीनशेच्या दुपटीपेक्षा जास्त, पण पोस्टरवर कोणाचा आकडा, तर तीनशेचा. आमच्या धंद्यात पण असंच असतं म्हणा, मांडवात ४०० माणसं राबलेली असतात आणि अल्बमच्या कव्हरवर दोघंच.

असो. माझ्या दुकानात काय झालं ते सांगतो. सिनेमा लागून दोन महिने झाले नाहीत तर नवरदेव यायला लागले, "दादा, ते थ्री हंड्रेडसारखं करा ना, आधी फास्ट मग एकदम स्लो मग परत फास्ट." वरात तशी, हळद तशी, एकाला तर अक्षता तशा पाहिजे होत्या. मी म्हटलं अरे तांदूळ आहेत ते, भाले नाहीत. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, म्हणून मी सिनेमाची डीव्हीडी आणली आणि लढाईचे सीन कॉम्प्युटरवर टाकून एकेक फ्रेम सरकवत बसलो, बायको म्हणाली हे काय रात्री बारा वाजता मुंडकी बघताय.

तिथे मला गंमत दिसली. हा सिनेमा जवळजवळ सगळा मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर काढलाय, आकाश, समुद्र, कडे, सगळं नंतर कॉम्प्युटरवर. रक्त पण बहुतेक तसंच, नंतर घातलेलं. भाला लागतो, रक्ताची चिळकांडी हवेत उडते, शाईसारखी, फ्रँक मिलरच्या ज्या चित्रकथेवरून सिनेमा काढलाय तिच्यातल्या शाईच्या फटकाऱ्यांसारखी, आणि मग पुढच्या फ्रेम बघत जा, ती विरते. जमिनीवर पडतच नाही. मी चार-पाच ठिकाणी बघितलं, खाली चिखल नाही, पाय घसरत नाही, माशी नाही. म्हणजे बघा, आपण मटणाच्या दुकानात पण नाक मुरडतो आणि इथे एवढी माणसं कापलेली बघून बाहेर आलो की सरळ वडापावच्या गाडीवर. माझं मत विचाराल तर लोक रक्ताला टाळ्या वाजवत नव्हते, तालाला वाजवत होते, ढोलाला वाजवतात तशा.

आणि हे मी उगाच म्हणत नाही. त्याच थिएटरात एक जागा अशी आली की शिट्ट्या बंद. लिओनायडसच्या कप्तानाचा तरणा मुलगा लढाईत असतो, एक घोडेस्वार मागून येतो आणि त्या पोराचं मुंडकं उडतं. बाप किंचाळतो, त्याला ओढून धरायला लागतं. माझ्या शेजारी जो मघापासून सीटवर गुडघे आपटत होता तो एकदम नीट बसला. सगळ्या सिनेमात तेवढंच एक मरण असं आहे ज्याला मागे रडायला कोणीतरी आहे.

माझ्या मावशीची गोष्ट वेगळीच. ती बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्यभर नर्स होती. घरी सीडी लावली तर सुरुवातीलाच तो सीन, कड्यावर नवजात बाळाला उचलून तपासतात, कमजोर निघालं तर फेकायचं, खाली कवट्यांचा ढीग. आमची मावशी खवळली, "मेल्यांनो, एवढ्या वाऱ्यात बाळाला उघडं धरलंय, टोपडं तरी घाला!" आणि उठून स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. स्पार्टात बाळं अशी टाकत असं प्लुटार्क नावाच्या जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय, पण मावशीला प्लुटार्कशी काय करायचंय.

आता दुसरी बाजू. आपल्या टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी आहे, त्या बाजूचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे जुन्या नवजोतच्या, म्हणजे पारशी पोरांच्या मुंजीसारख्या विधीच्या, कॅसेट सीडीवर घ्यायला यायचे. दुकानात हा सिनेमा चालू होता, झर्क्सिस पडद्यावर आला, उघडा, अंगभर साखळ्या, नाकातोंडात रिंगा, उंची आठ-नऊ फूट. थिएटरात इथे हशा झाला होता. म्हातारे हसले नाहीत, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे दीकरा, दाढी कुठे गेली त्याची?" खरंच आहे, पर्सेपोलिसच्या, म्हणजे इराणच्या जुन्या राजधानीच्या, दगडात कोरलेले इराणी राजे बघा, लांब कुरळी दाढी, पायघोळ झगा, आणि झर्क्सिसच्या शिलालेखात अहुरमज्दाचं नाव, ज्याची प्रार्थना त्या अग्यारीत आजही होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, मी आवाज कमी केला. इराणमध्ये तर तेव्हा सरकारपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे भडकले होते, आमच्या पूर्वजांना राक्षस केलंत म्हणून.

प्रेक्षक म्हणजे तरी काय एकच असतो का हो? बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये पत्रकारांना दाखवला तेव्हा म्हणे काहीजण उठून गेले, उरलेल्यांनी हुर्यो उडवली, आणि त्याच दिवशी नंतरच्या खेळाला सतराशे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सिनेमा तोच, रीळ तीच.

मी बराच काळ टाळ्यावालाच होतो. २००८ च्या गोकुळाष्टमीनंतर एक मंडळ आलं, नाव नको, फुटेज घेऊन. सातव्या थराला मनोरा कोसळतो ते त्यांना थ्री हंड्रेडसारखं पाहिजे होतं. मी केलं, आणि काय केलं सांगू, पोरं हवेत तरंगतायत, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे, खाली ढोलाचा एकच घुमारा. मंडळाची पोरं खुर्चीवरून उठून नाचली. मागे एक पंधरा-सोळाचा मुलगा उभा होता, हाताला प्लास्टर, तोच त्या व्हिडिओत चौथ्या थरावरून पडतो. बरोबर त्याची आई.

तो म्हणाला, "काका, नॉर्मल स्पीडला लावा ना." लावलं. दोन सेकंद पण नाही, धप्प, आणि एक बारीक आवाज येतो, जो मी ढोलाखाली दाबून टाकला होता. त्याने तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याची आई दुकानाबाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली होती.